भांडेवाडीचं घाण पाणी कोराडीच्या वीज केंद्रात जातं, ते नेमकं कसं?

जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शहरांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते परत वापरायचं धोरण मंजूर केलं, आणि तेव्हापासून या विषयाची बातमी आली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, आता काय गटाराचं पाणी पाजणार का आम्हाला? प्रश्न रास्त आहे, विचारायलाच पाहिजे. पण आपल्या नागपुरात हे काम कधीचं सुरू आहे आणि शहरातल्याच कितीतरी लोकांना त्याचा पत्ता नाही. शहराच्या पूर्वेला भांडेवाडीत घाण पाणी साफ होतं आणि तिथून मोठ्या पाइपलाइनने उत्तरेकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे जातं. देशात इतक्या मोठ्या प्रमाणावर हे करणाऱ्या पहिल्या काही शहरांत आपलं नाव आहे. म्हणून हे सगळं कसं चालतं ते नीट बघू, आणि मग पाजणार की नाही त्यावर येऊच.

आधी हिशेब, किती पाणी आणि जातं कुठं

मोठ्या शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी द्यायचं असं सरकारी माप आहे. त्यातलं साधारण ८० टक्के, म्हणजे आंघोळीचं, भांड्यांचं, कपड्यांचं, संडासचं, सगळं घाण होऊन परत गडरलाईनमध्ये जातं. आणि हे घाण पाणी म्हणजे तरी काय, तर ९९ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, उरलेल्या थोड्याशा भागात विष्ठा, साबण, तेल, अन्नाचे कण, रेती आणि रोगजंतू. म्हणजे एवढीशी घाण काढली तर एवढं मोठं पाणी हाताला लागतं, सगळा खेळ तो आहे.

यातला एकच तांत्रिक शब्द लक्षात ठेवा, एमएलडी. दिवसाला दहा लाख लिटर म्हणजे एक एमएलडी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या शहरांचं सांडपाणी ७२,३६८ एमएलडी धरलंय आणि त्यातलं प्रत्यक्षात साफ होतं ते २०,२३६ एमएलडी. तीन भाग घाण तयार होते आणि एका भागाच्याही कमीवर प्रक्रिया होते, बाकी सगळं नाल्यात, नदीत, नाहीतर जमिनीत. नाग नदीकाठून कधी गेला असाल तर हे आकडे तुम्हाला नाकानेच कळले असतील.

पहिलं काम जाळीचं

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला सगळे एसटीपी म्हणतात, आपणही तेच म्हणू. एसटीपीत पाणी शिरलं की पहिल्यांदा लागतात जाळ्या, आधी मोठ्या फटींची, मग काही मिलिमीटर फटींची बारीक. इथं काय अडकतं ते एकदा बघायला पाहिजे सगळ्यांनी. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे सॅशे, सॅनिटरी पॅड, बाळांचे डायपर, चिंध्या, केसांचे गुंते, देवाच्या हारांचे दोरे, प्लास्टिकच्या पिशव्या तर विचारूच नका. यातलं काहीच खरं तर गडरलाईनमध्ये यायला नको होतं, पण येतं, आणि जाळी नसती तर पुढचे पंप तासाभरात बसले असते. संडासात पॅड किंवा डायपर टाकून फ्लश केला की आपल्यापुरतं संपलं असं वाटतं, पण पुढे कोणीतरी ते दाताळ्याने ओढून काढतच असतं.

जाळीनंतर रेतीचा हौद. पावसाळ्यात रस्त्यावरची रेती, घरबांधणीची चुरी असं बरंच पाण्यात येतं, ते जड असतं म्हणून पाण्याचा वेग कमी केला की खाली बसतं. वर तरंगणारं तेल-तूप वेगळं काढतात. एवढं झालं तरी पाणी दिसायला काळपट आणि वासाला तसंच असतं, कारण खरी घाण पाण्यात विरघळलेली असते आणि ती कुठल्याच जाळीत अडकत नाही.

खरं काम जिवाणू करतात

इथं मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण लोकांना वाटतं एसटीपी म्हणजे कसली तरी केमिकलची फॅक्टरी. तसं नाही. विरघळलेली घाण म्हणजे जिवाणूंचं खाणं. नदीतही हेच जिवाणू ही घाण खातात, पण खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, म्हणून मासे मरतात आणि पाणी सडतं. एसटीपीत तेच काम एका टाकीत, काही तासांत, भरपूर हवा देऊन उरकून घेतात. टाकीच्या तळाशी बारीक भोकांच्या रबरी चकत्या असतात, मोठे ब्लोअर त्यातून हवा सोडतात आणि सगळी टाकी बुडबुड्यांनी उकळल्यासारखी दिसते. पाण्याचा रंग चहासारखा तपकिरी. तो रंग घाणीचा नसतो, तो जिवंत जिवाणूंचा असतो, कोट्यवधी जिवाणू एकमेकांना चिकटून त्यांचे छोटे गोळे झालेले असतात.

मग हवा बंद करायची. पाणी शांत झालं की हे गोळे हळूहळू तळाला बसतात आणि वर निवळ पाणी राहतं, ते वरच्यावर काढून घ्यायचं. तळाला बसलेला गाळ मात्र सगळा फेकत नाहीत, त्यातला बराचसा पुढच्या पाण्यासाठी ठेवतात. दह्याचं विरजण बाजूला काढून ठेवतो ना आपण, अगदी तसंच. विरजण चांगलं तर दही चांगलं, गाळ तगडा तर पाणी साफ. आणि विरजण बिघडलं, म्हणजे कोणी कारखान्याचं ॲसिड किंवा विषारी केमिकल चोरून गडरलाईनमध्ये सोडलं, तर जिवाणू मरतात आणि सगळा प्लांट परत रुळावर यायला दिवसच्या दिवस जातात. म्हणून कारखान्यांचं पाणी वेगळं ठेवा म्हणतात ते काही उगाच नाही.

काही प्लांटमध्ये हवा देणं, गाळ बसवणं आणि वरचं पाणी काढणं हे सगळं एकाच टाकीत पाळीपाळीने होतं, काही ठिकाणी वेगवेगळ्या टाक्या असतात. तत्त्व एकच.

ऑपरेटर रोज एक साधी परीक्षा घेतो, ती मला फार आवडते. टाकीतलं एक लिटर तपकिरी पाणी मापाच्या उंच काचेच्या भांड्यात घेतो आणि अर्धा तास हलवत नाही. अर्ध्या तासाने गाळ कुठल्या रेषेवर बसला ते बघतो. तीनशे मिलिलिटरच्या आसपास घट्ट बसला आणि वर काचेसारखं पाणी असलं तर प्लांट खूश आहे समजा. गाळ फुगून आठशे-नऊशेवरच लटकला की काहीतरी बिनसलंय, हवा कमी पडतेय किंवा नको ते जिवाणू वाढलेत. कोट्यवधींची यंत्रं बाजूला असतात आणि प्लांटची तब्येत अजूनही त्या काचेच्या भांड्यात बघतात.

यातच आणखी एक काम होतं, अमोनिया काढायचं. लघवीतून येणाऱ्या अमोनियाचं काही जिवाणू हवा सुरू असताना नायट्रेट करतात आणि हवा बंद असताना दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. हे लक्षात ठेवा, वीज केंद्राच्या भागात लागणार आहे.

साफ म्हणजे किती साफ

पाण्यात जिवाणूंचं खाणं किती शिल्लक आहे ते मोजायचं माप म्हणजे बीओडी. घाण पाण्यात हा आकडा लिटरमागे साधारण दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, २०१९ मध्ये सांगितलं की एसटीपीतून बाहेर पडताना तो १० च्या आत पाहिजे. १० च्या आतलं पाणी बाटलीत धरलं तर दिसायला स्वच्छ असतं, वास जवळजवळ येत नाही. पण दिसायला स्वच्छ म्हणजे जंतू गेले असं अजिबात नाही. त्यासाठी पुढचा टप्पा लागतो, आधी गाळण, मग क्लोरीन किंवा अतिनील किरण. बागेला, रस्ते धुवायला, बांधकामाला, कारखान्याला इतकं बस होतं.

त्याच्याही पुढे जायचं असेल तर पडदे लागतात. एक पडदा इतका बारीक की जिवाणू अडकतात, त्याच्यापुढचा आरओचा पडदा तर क्षारसुद्धा अडवतो. नवी मुंबईत कोपरखैरणे आणि ऐरोलीच्या एसटीपीचं पाणी पडद्यातून गाळून तिथल्या एमआयडीसीतल्या कारखान्यांना द्यायची सोय केलीय, चेन्नईत कोयंबेडू आणि कोडुंगैयूरला रोज ४५-४५ एमएलडी पाणी आरओपर्यंत नेऊन उद्योगांना देणारे प्लांट आहेत. जेवढं काम तेवढी सफाई, हा यातला शहाणपणा. झाडाला आरओचं पाणी घालणं म्हणजे वीज वाया.

वीज केंद्राला एवढं पाणी कशाला

कोराडीला लांबून पांढरा धूर दिसतो तो सगळा धूर नसतो. त्या जाडजूड, मधे बारीक झालेल्या मनोऱ्यांमधून जी वाफ निघते ते पाणी असतं. कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेने टर्बाइन फिरतं, मग ती वाफ थंड करून परत पाणी करावी लागते. थंड करायला दुसरं पाणी नळ्यांच्या बाहेरून-आतून खेळवतात, ते गरम होतं, ते मनोऱ्यात वरून पाडून हवेने थंड करतात आणि त्यात बरंचसं उडून जातं. उडालं तेवढं रोज नवीन घालावं लागतं.

केंद्राच्या पर्यावरण नियमांनुसार नव्या कोळसा केंद्राने एका मेगावॅट-तासाला साधारण ३ हजार लिटरच्या आत पाणी वापरायचं. कोराडीचे ६६० मेगावॅटचे तीन संच पूर्ण ताकदीने चालले तर १,९८० मेगावॅट, चोवीस तासांचा हिशेब केला तर रोज १४२ एमएलडीच्या आसपास पाणी. आता हे पाणी नागपूरला पाणी देणाऱ्या पेंच धरणातून घेतलं असतं तर? १३५ लिटरने भागा, दहा लाखांहून जास्त माणसांचं रोजचं पाणी ते. २०१९ च्या उन्हाळ्यापावसाळ्यात नागपूरला दिवसाआड पाणी आलं होतं, ते आठवत असेल सगळ्यांना. वर मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून पेंचमध्ये येणारं पाणीही कमी झालंय, आणि त्याच पेंचच्या कालव्यांवर रामटेक, मौद्याकडची शेती आहे. म्हणजे वीज केंद्राने धरणातून जेवढं कमी उचललं तेवढं शहराला आणि शेतकऱ्याला राहिलं.

म्हणूनच महापालिका आणि राज्य सरकारची वीजनिर्मिती कंपनी महाजेनको यांच्यात २००८ मध्ये समझोता झाला, भांडेवाडीला १३० एमएलडीचं केंद्र उभं राहिलं, नंतर तिथंच २०० एमएलडीचंही झालं आणि त्यातलं पाणीही वीज केंद्रांकडे वळवलं. घाण पाण्याचे महापालिकेला पैसे मिळतात ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली की कोणालाही नवल वाटतं, पण वीज केंद्राला ते धरणाच्या पाण्यापेक्षा परवडतं आणि उन्हाळ्यात आटत नाही. लोक आंघोळ करायचं थोडीच थांबवतात. पुढे २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणात तर नियमच आला की एसटीपीपासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्राने हे पाणी वापरलंच पाहिजे.

मात्र वीज केंद्राला पण कसंही पाणी चालत नाही. मनोऱ्यात पाणी उडत राहतं आणि क्षार मागे साठत जातात, म्हणून फॉस्फेट जास्त असेल तर नळ्यांत खवले धरतात. अमोनिया जास्त असेल तर तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या खातो. जिवाणूंचं खाणं शिल्लक असेल तर नळ्यांत शेवाळासारखा चिकट थर बसतो आणि थंडावाच मिळत नाही. त्यामुळे या पाण्यावर दोघांचा डोळा असतो, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, आणि माझं स्पष्ट मत आहे की भांडेवाडीचं काम टिकलं त्याचं हे मोठं कारण आहे. पाणी नदीत सोडायचं असतं तेव्हा नदी तक्रार करत नाही. गिऱ्हाईक मात्र करतं.

बरं, मग प्यायला देणार का?

नागपुरात हे पाणी नळाला येत नाही, त्याची पाइपलाइनच वेगळी आहे. राज्याच्या धोरणाचा रोखही आधी वीज केंद्रं, मग उद्योग, असाच आहे. पण जगात प्यायलाही वापरतात, ते लपवण्यासारखं नाही. नामिबियाची राजधानी विंडहूक हे वाळवंटाजवळचं शहर १९६८ पासून सांडपाणी साफ करून थेट पिण्याच्या पाण्यात मिसळतंय. त्यांनी कारखान्यांचं पाणी पहिल्यापासून वेगळं ठेवलं आणि एकामागे एक असे बरेच टप्पे लावले, म्हणजे एखादा चुकला तरी पुढचा पकडतो. सिंगापूरमध्ये २००३ पासून असं पाणी बहुतेक चिपच्या कारखान्यांना जातं, कारण ते नळाच्या पाण्यापेक्षाही शुद्ध असतं, आणि थोडं तलावांत मिसळून परत शुद्ध करून लोकांना मिळतं. उलट ऑस्ट्रेलियात तुवुम्बा शहराने ऐन दुष्काळात, २००६ मध्ये, मतदान घेऊन याला चक्क नकार दिला. म्हणजे तंत्र आहे म्हणून लोक तयार होतातच असं नाही, आणि लोकांना विचारलंच पाहिजे.

पण एक विचार करा. पुण्याचं सांडपाणी, साफ झालेलं आणि न झालेलंही, मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. खालचं गाव वरच्या गावाचं पाणी पितच असतं, मधे फक्त नदी असते. वाईट हे की तिथं कोणी मोजत नाही, सांगत नाही. त्यापेक्षा मोजून, तपासून, सांगून केलेला वापर मला तरी जास्त भरवशाचा वाटतो. आपल्याकडे तो दिवस यायच्या आधी गडरलाईन आणि एसटीपी रोजच्या रोज नीट चालल्या पाहिजेत, त्याशिवाय प्यायची भाषाही करू नये.

टँकरचं पाणी, रोगराई, औषधं

साफ केलेल्या पाण्याचे टँकर आता बांधकामाला, बागेला येतात. यातून आजार होतील का? क्लोरीन दिलेलं, गाळलेलं पाणी बागेला चालतं, पण फवाऱ्याने उडवू नका, लहान मुलं लॉनवर असतील तेव्हा तर नाहीच, मुळाशी सोडा, संध्याकाळी सोडा. कोथिंबीर, मुळा, गाजर असं कच्चं खायचं त्याला हे पाणी नको. सोसायटीत वेगळी पाइपलाइन टाकली असेल तर तिचा रंग वेगळा ठेवा आणि नळावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण प्लंबर बदलतो आणि एक दिवस कोणीतरी चुकून दोन्ही जोडून टाकतो. टँकरचं पाणी काळं असेल, कुजकट वास असेल तर ते साफ केलेलं नाहीच, परत पाठवा.

आपण घेतो त्या गोळ्यांचे, अँटिबायोटिक्सचे अंश साध्या एसटीपीतून पूर्ण जात नाहीत हे खरं आहे. थंडाव्याच्या मनोऱ्याला किंवा काँक्रीटला त्याने फरक पडत नाही, प्यायच्या पाण्यासाठी मात्र आरओ आणि त्याच्या पुढचे टप्पे लागतात. त्यात आरओ जे अडवतो ते जाड, खारट पाणी होऊन शिल्लक राहतं आणि ते टाकायचं कुठं हा समुद्रापासून लांब असलेल्या शहराचा मोठा प्रश्न आहे.

गाळाचं म्हणाल तर तो बंद टाकीत कुजवला की मिथेन मिळतो, त्यावर वीज होते, उरलेला वाळवून खत होऊ शकतं, फक्त त्यात जड धातू नाहीत ना ते तपासून. परत तेच, कारखान्याचं पाणी आत येऊ द्यायचं नाही.

परवडतं का?

एसटीपीच्या बिलात सगळ्यात मोठा वाटा विजेचा आणि विजेत सगळ्यात मोठा वाटा हवा देणाऱ्या ब्लोअरचा. म्हणून पैसे कमी पडले की पहिली काटछाट ब्लोअरवर होते, आणि हवा कमी पडली की जिवाणू मरतात, मग बाहेर येतं ते फक्त निवळलेलं घाण पाणी. उद्घाटनाचा फोटो सगळ्यांकडे असतो, दहा वर्षांच्या वीजबिलाची तरतूद फार थोड्यांकडे. २०२१ च्या त्याच अहवालात देशात क्षमता ३१,८४१ एमएलडीची आहे आणि साफ होतं २०,२३६, त्यातला बराच फरक इथंच आहे, प्लांट आहे पण पूर्ण चालत नाही, किंवा गडरलाईन प्लांटपर्यंत पोचतच नाही. पाण्याचे पैसे देणारं गिऱ्हाईक बांधलेलं असेल तर हे बिल भागतं. नसेल तर ते आपल्या करातून द्यायची तयारी ठेवावी लागेल.

सगळं पाणी वीज केंद्राला दिलं तर नदीचं काय?

हा आक्षेप कमी लोक घेतात आणि मला तोच सगळ्यात वजनदार वाटतो. नाग नदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि खाली गोसेखुर्दचं धरण. नागपूरच्या घाणीचा त्रास भंडाऱ्याकडच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसलाय, त्यांच्या पाण्यात ती घाण पोचते. म्हणजे भांडेवाडीत कितीही पाणी साफ होऊन कोराडीला गेलं तरी जे नाले अजून प्लांटला जोडलेलेच नाहीत त्यांची घाण नदीत जातेच आहे. त्यासाठी नाग नदीचा साधारण १,९२७ कोटींचा प्रकल्प केंद्राने मंजूर केलाय, त्यात नवीन लाईन आणि एसटीपी आहेत.

पण समजा उद्या एकूणएक नाला जोडला आणि ते सगळं पाणी विकलं, तर उन्हाळ्यात नाग नदीत वाहायला उरेल काय? जुनी नैसर्गिक धार तर केव्हाच आटली, आता उन्हाळ्यात तिच्यात आपलं सांडपाणीच वाहतं. खालच्या गावांत त्यावर मोटारी आहेत, शेती आहे, ते लोक घाण का होईना पण त्या पाण्यावर उभे आहेत. त्यांना विचारल्याशिवाय सगळं उचलणं बरोबर नाही. पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीतून, साफ केलेलं पाणी उचलून कालव्याने शेतीला द्यायची योजना आहे, तिच्यातही भांडण पाणी किती आणि कसं साफ यावरच असतं.

त्यामुळे इथून पुढचा प्रत्येक करार करताना दोन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात असं माझं मत आहे. एक, साफ केलेल्या पाण्यातलं किती पाणी, उन्हाळ्यातसुद्धा, नदीत सोडायचंच. आणि दुसरं, रोजचा बीओडी, अमोनिया आणि जंतूंचा आकडा प्लांटच्या गेटवर आणि महापालिकेच्या साइटवर मराठीत लावायचा, म्हणजे भंडाऱ्याच्या माणसालाही आज वरून काय आलंय ते घरबसल्या बघता येईल.